हातचा कुठे गेला?

(कोणत्याही यंत्रात आकडा लिहिण्यासाठी ठरावीकच जागा असते. ती जागा अपुरी पडली की काय घडते आणि संगणकाचे जाणकार त्यावर कोणते उपाय करतात, हे या पाठात सोप्या उदाहरणांनी सांगितले आहे.)

ठाण्याच्या टेंभी नाक्यावर पाच मिनिटे उभे राहा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचा. बहुतेक पाट्यांची सुरुवात ‘एमएच ०४’ अशी दिसेल. एमएच म्हणजे महाराष्ट्र आणि ०४ म्हणजे ठाणे. मधूनच ‘एमएच ०५’ असलेली एखादी गाडी जाईल, ती कल्याणची. त्यापुढे एक-दोन इंग्रजी अक्षरे असतात आणि शेवटी चार आकडे असतात.

चार आकड्यांत मावणारी सर्वांत मोठी संख्या कोणती? ९९९९. मग दहा हजारावी गाडी आली, तर तिला कोणता क्रमांक द्यायचा? १०००० लिहायला पाटीवर पाचवे घर नाही. परिवहन कार्यालय अशा वेळी मधली अक्षरे बदलते आणि नवी मालिका सुरू करते. समजा, असे केले नाही आणि दहा हजाराव्या गाडीला पुन्हा ०००१ हाच क्रमांक दिला, तर? एकाच क्रमांकाच्या दोन गाड्या रस्त्यावर फिरू लागतील. एकीने सिग्नल तोडला, तर दंडाची पावती दुसरीच्या मालकाला जाईल. यात त्या मालकाचा काय दोष? आकडे संपले, हे वेळीच कोणाच्या लक्षात आले नाही, म्हणून त्याला भुर्दंड पडला.

मित्रांनो, अशीच अडचण संगणकातही येते. ती समजून घेण्यासाठी आधी आपली नेहमीची बेरीज पाहू. ८ आणि ७ यांची बेरीज १५. आपण ५ लिहितो आणि १ हातचा घेतो. उर्दूत या हातच्याला ‘हासिल’ म्हणतात. भारतातील अंक आणि ते वापरून हिशेब करण्याची रीत यांवर बगदादच्या अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञाने नवव्या शतकात ग्रंथ लिहिला. संगणकाच्या भाषेतला ‘अल्गोरिदम’ हा शब्द त्याच्याच नावावरून आला आहे. कागदावर हिशेब करताना हातचा कधी अडत नाही. डावीकडे आणखी एक घर काढले, की त्याची सोय होते. यंत्रात मात्र घरे आधीच मोजून बसवलेली असतात.

संगणक फक्त ० आणि १ हे दोनच अंक वापरतो. अशा एका अंकाच्या घराला ‘बिट’ म्हणतात. आठ बिटांत ० पासून २५५ पर्यंतच्या संख्या लिहिता येतात. २५५ मध्ये १ मिळवला, तर उत्तर २५६ यायला हवे. पण त्यासाठी नववे घर लागते आणि ते तर नाही! मग हातचा एक गळून पडतो आणि उत्तर येते शून्य. बिटे वाढवली, की मर्यादा वाढते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक सुरू झाला. त्यात एका संख्येसाठी ४० बिटे होती. पुढे ३२ बिटांचे संगणक सर्वत्र पसरले. ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५ आहे. ही संख्या मोठी आहे खरी. पण तिच्यात १ मिळवला, की तिचेही शून्य होते.

या घटनेला आपण ‘आकडा ओसंडणे’ म्हणू. मात्र एक फरक ध्यानात ठेवा. हंडा ओसंडला की जमीन ओली होते, ते आपल्याला दिसते. आकडा ओसंडतो तेव्हा काहीच दिसत नाही. घंटा वाजत नाही, दिवा लागत नाही. यंत्र चुकीचे उत्तर अगदी शांतपणे पुढे देते आणि पुढचे सगळे काम त्या उत्तरावर विसंबून चालते.

हा धोका सर्वांत जास्त कोठे असतो? जेथे वाटप होते तेथे. संगणकात एकाच वेळी अनेक आज्ञावली चालू असतात. एक गाणे वाजवते, दुसरी पत्र लिहून घेते, तिसरी चित्र दाखवते. प्रत्येकीला स्मृतीतली जागा हवी असते. कोणाला किती जागा द्यायची, कोणाची परत घ्यायची आणि कोणाला कोठे जाऊ द्यायचे नाही, हे ठरवणारी एक मुख्य आज्ञावली असते. तिला ‘कर्नेल’ म्हणतात. कर्नेल म्हणजे बीच्या आतला गर. म्हणून मराठीत आपण तिला ‘गाभा’ म्हणू. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली ‘लिनक्स’ नावाचा असा एक गाभा लिहायला घेतला. पुढे जगभरातल्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. आज अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्सचाच गाभा असतो. त्यात काय लिहिले आहे, हे कोणालाही वाचता येते. म्हणूनच त्यातल्या चुका कशा झाल्या आणि कशा सुधारल्या, हे आपल्याला नेमके समजते.

आता गुणाकाराची चूक पाहू. टेंभी नाक्यावर नवरात्रात देवीचा मोठा उत्सव होतो. समजा, अशाच एखाद्या उत्सवात मंडपवाल्याने ४० ओळी मांडायचे ठरवले आणि प्रत्येक ओळीत २६ खुर्च्या. एकूण खुर्च्या १०४०. पण त्याच्याजवळच्या हिशेबाच्या यंत्रात तीनच घरे आहेत. यंत्र १०४० मधला डावीकडचा १ सोडून देते आणि ०४० दाखवते. मंडपवाला चाळीस खुर्च्यांपुरती जागा आखून घेतो. मग माणसे ४० ओळी लावू लागतात. पहिल्या दोन ओळींतच जागा भरते. पण ओळी लावणाऱ्यांना ४० ओळींचा हुकूम आहे. त्यामुळे खुर्च्या रस्त्यावर जातात, शेजारच्या दुकानात शिरतात, पाणपोईवर चढतात.

संगणकाच्या गाभ्यात हुबेहूब असेच घडते. एखादी आज्ञावली म्हणते, “मला इतक्या वस्तूंसाठी जागा द्या, प्रत्येक वस्तू इतकी मोठी आहे.” गाभा गुणाकार करतो. उत्तर ओसंडले, तर फारच थोडी जागा राखली जाते. मग वस्तू मात्र ठरल्याप्रमाणे सगळ्या ठेवल्या जातात आणि शेजारची माहिती पुसली जाते. त्या शेजारच्या जागेत काहीही असू शकते. कोणाची मजकुराची वही असेल, कोणाचा परवाना असेल. एखादा लबाड माणूस मुद्दामच असे आकडे देतो. आपल्याला हवे ते शेजारच्या जागेत लिहिले जावे, हा त्याचा डाव असतो.

यावर उपाय काय? पुष्कळांना वाटते, गुणाकार करून मग तपासावे. पण तोपर्यंत उशीर झालेला असतो. यंत्रात उत्तर ०४० आले आहे आणि ०४० ही संख्या ९९९ पेक्षा लहानच आहे. तपासणाऱ्याला त्यात काहीच वावगे दिसणार नाही. म्हणून गुणाकाराच्या आधीच भागाकार करायचा. ९९९ ला २६ ने भागले, तर ३८ पूर्ण ओळी मावतात. मागणी ४० ओळींची आहे. ४० ही संख्या ३८ पेक्षा मोठी आहे. म्हणून मागणी नाकारायची. भागाकारात उत्तर लहान होते. त्यामुळे तेथे आकडा ओसंडण्याची भीती नसते. लिनक्सच्या गाभ्यात ही तपासणी आधीच करून मग जागा देणाऱ्या खास आज्ञा आहेत. २०१८ साली गाभ्यातली शेकडो ठिकाणे शोधून तेथले उघडे गुणाकार काढले गेले आणि या सुरक्षित आज्ञा वापरण्यात आल्या. असे काम कंटाळवाणे असते. त्याचा गाजावाजा होत नाही. पण त्यामुळेच असंख्य लोकांची यंत्रे सुरक्षित राहतात.

बेरजेची चूक याहून साधी वाटते. पण तिने एकदा मोठा गोंधळ उडवला. ‘डेबियन’ हा लिनक्सवर आधारलेला एक मोठा प्रकल्प आहे. जगभरातले स्वयंसेवक तो चालवतात. नोव्हेंबर २००३ मध्ये या प्रकल्पाच्या चार संगणकांत कोणी परक्याने शिरकाव केला. त्याने एका साध्या सभासदाचा चोरलेला परवलीचा शब्द वापरला होता. साध्या सभासदाला फार अधिकार नसतात. तरीही हा माणूस काही वेळात सर्वाधिकारी झाला. हे कसे झाले, याचा शोध डेबियनच्या लोकांनी घेतला, तेव्हा गाभ्यातली एक उणीव सापडली.

ती समजण्यासाठी एका मोठ्या मैदानाची कल्पना करा. मैदानातल्या जागांना ०००० पासून ९९९९ पर्यंत क्रमांक आहेत. ७४९९ पर्यंतच्या जागा दुकानदारांच्या. ७५०० पासून पुढे व्यवस्थापकांचे कार्यालय, तिजोरी आणि किल्ल्या. तेथे दुकानदारांना जायला मनाई आहे. त्या काळच्या पुष्कळ संगणकांत स्मृतीच्या जागांची वाटणी साधारण याच प्रमाणात होती. तीन भाग आज्ञावलींसाठी आणि एक भाग गाभ्यासाठी. आता एक दुकानदार म्हणतो, “माझे दुकान ७००० या जागेपासून सुरू होते. मला तेथून पुढे ३५०० जागा द्या.” ७००० आणि ३५०० मिळून १०५००. चार घरांत ते दिसते ०५००. घाईत असलेला कारभारी म्हणेल, “०५०० म्हणजे ७५०० च्या आतच की! घ्या जागा.” दुकानदाराचे दुकान थेट तिजोरीवरून पलीकडे जाते.

आज्ञावलीची जागा वाढवून देणाऱ्या गाभ्याच्या त्या भागात, मागणी हद्दीबाहेर जाते का आणि बेरीज उलटून लहान होते का, ही तपासणीच नव्हती. दुरुस्ती अगदी छोटी होती. त्यात दोन प्रश्न होते. पहिला : बेरीज हद्दीपेक्षा मोठी आहे का? दुसरा : बेरीज पहिल्या संख्येपेक्षाही लहान आली आहे का? दुसरा प्रश्न फार मार्मिक आहे. ७००० मध्ये काहीतरी मिळवले आणि उत्तर ०५०० आले, तर हातचा नक्कीच गळला आहे. मिळवल्यावर संख्या कमी होईल कशी? या दोन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ असेल, तर मागणी नाकारायची. हीच तपासणी वजाबाकीनेही करता येते. ७५०० मधून ७००० वजा केले, तर ५०० जागा शिल्लक आहेत. मागणी ३५०० ची आहे. म्हणजे नकार. येथे मोठी संख्या तयारच होत नाही.

या प्रसंगातली सर्वांत बोचरी गोष्ट पुढेच आहे. ही उणीव त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गाभ्यावर काम करणाऱ्यांच्या लक्षात आली होती. पण तोवर गाभ्याच्या त्या वेळच्या आवृत्तीत दुरुस्ती घालण्याची वेळ टळून गेली होती. दुरुस्त आवृत्ती नोव्हेंबरच्या अखेरीस बाहेर पडली आणि मधल्या काळात चोराने डाव साधला. सुदैवाने, लोकांना वाटल्या जाणाऱ्या आज्ञावलींच्या साठ्याला धक्का लागला नाही. तरीही हे काम करणाऱ्यांना एक गोष्ट उमगली. औषध तयार होऊन भागत नाही; ते रोग्यापर्यंत पोचावे लागते. म्हणूनच फोनवर ‘नवी आवृत्ती घ्या’ अशी सूचना आली, तर ती महिनोन् महिने टाळू नये.

तिसरी चूक मोजणीची. समजा, तुमच्या वस्तीत एक अभ्यासिका आहे. दारावर मोजणीचे यंत्र आहे. कोणी आत गेले, की आकडा एकने वाढतो. बाहेर आले, की एकने कमी होतो. आकडा शून्य झाला, की पहारेकरी समजतो, खोली रिकामी आहे. तो ती दुसऱ्या कामासाठी देऊन टाकतो. यंत्राला दोनच घरे आहेत. ९९ मुले आत असताना शंभरावा मुलगा शिरला, की यंत्र ०० दाखवते. आत शंभर मुले अभ्यास करत आहेत आणि खोली मात्र दुसऱ्याच्या ताब्यात जाते!

गाभाही असेच करतो. एखादी वस्तू किती आज्ञावली वापरत आहेत, याची तो मोजणी ठेवतो. मोजणी शून्यावर आली, की तो वस्तूची जागा परत घेतो. जानेवारी २०१६ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात एक चूक उघडकीस आली. गुप्त किल्ल्या सांभाळणाऱ्या भागातली ही चूक काही वर्षांपासून लपून राहिली होती. तेथे तीच आज्ञावली त्याच दाराने पुन्हा पुन्हा आत येई. दर खेपेला मोजणी वाढे. पण कमी होत नसे. ३२ बिटांचा तो आकडा चारशे कोटींहून अधिक खेपांनंतर फिरून शून्यावर येई. चारशे कोटी खेपा कोण मारणार, असे तुम्हाला वाटेल. पण यंत्राला दमणूक कसली? चूक शोधणाऱ्यांनी हे करून पाहिले, तेव्हा सुमारे अर्धा तास लागला. ‘इतके कधी होणारच नाही’ हे वाक्य संगणकाच्या कामात किती फसवे आहे, ते यावरून दिसते.

ती चूक लगेच दुरुस्त झाली. पण अशा सर्वच मोजण्यांसाठी २०१७ साली गाभ्यात एक नवी रीत आली. आकडा आपल्या मर्यादेला पोचला, की तो तेथेच अडकवून ठेवायचा. तो शून्याकडे वळू द्यायचा नाही आणि पुन्हा खालीही येऊ द्यायचा नाही. आपल्या अभ्यासिकेत ९९ हा आकडा कायमचा राहील. मुले घरी गेली, तरी खोली रिकामी समजली जाणार नाही. दिवा उगाच जळत राहील, एक खोली वाया जाईल. पण मुले आत असताना खोली दुसऱ्याला दिली जाणार नाही. दोन नुकसानींपैकी लहान नुकसान पत्करणे, हाही शहाणपणाचाच भाग आहे.

तुम्ही म्हणाल, “एवढे कशाला? घरेच वाढवावीत!” हाही उपाय आहे आणि आपण तो पाहिलाही आहे. २००२ साली मुंबई आणि ठाण्याचे सात आकडी दूरध्वनी क्रमांक पुढे २ लावून आठ आकडी करण्यात आले. संगणकाचे घड्याळही असेच आहे. पुष्कळ यंत्रे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. ३२ बिटांतले एक बिट अधिक-उणे दाखवण्यासाठी ठेवले, तर मोजणी २,१४,७४,८३,६४७ या संख्येला संपते. भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ही संख्या गाठली जाईल. पुढच्याच सेकंदाला जुनी यंत्रे १९०१ सालचा डिसेंबर महिना दाखवतील. म्हणून हा आकडा ६४ बिटांचा करण्याचे काम अनेक वर्षे चालले. २०२० साली लिनक्सच्या गाभ्याने ३२ बिटांच्या यंत्रांसाठीही ही सोय पूर्ण केली. आता उरल्या त्यावर चालणाऱ्या जुन्या आज्ञावली आणि कधीच नवी आवृत्ती न मिळालेली जुनी यंत्रे.

पण घरे कितीही वाढवली, तरी ती मोजकीच राहतात. आठ घरांनंतरही नववे लागू शकते. शिवाय खोडसाळ माणूस मोठ्यात मोठा आकडा मुद्दाम शोधून आणतो. म्हणून घरे वाढवली, तरी तपासणी सुटत नाही. वाटप करणाऱ्याने हिशेब करण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा असतो : उत्तर या जागेत मावेल का? मावत नसेल, तर स्पष्ट ‘नाही’ म्हणायचे. चुकीच्या ‘हो’पेक्षा वेळेवरचे ‘नाही’ केव्हाही चांगले.

तुमच्यापैकी कोणी उद्या आज्ञावली लिहील. कोणी दुकानाचा हिशेब ठेवील, कोणी कार्यालयात वाटपाचे काम करील. आलेला आकडा छान, नीटनेटका आणि लहान दिसतो, म्हणून त्यावर विश्वास ठेवू नका. आधी हातचा कुठे गेला, ते पाहा.

शब्दार्थ

आज्ञावली – संगणकाने काय करावे हे सांगणाऱ्या सूचना
ओसंडणे – काठोकाठ भरून बाहेर सांडणे
स्मृती – संगणकात माहिती ठेवण्याची जागा
भुर्दंड – विनाकारण सोसावा लागणारा खर्च
परवलीचा शब्द – आत जाण्यासाठी सांगावा लागणारा गुप्त शब्द
वावगे – चुकीचे, गैर
मार्मिक – नेमक्या गोष्टीवर बोट ठेवणारा
डाव साधणे – संधी पाहून आपला हेतू पूर्ण करणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आठ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या कोणती?
(आ) गाभ्याचे मुख्य काम कोणते?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) गुणाकार झाल्यावर केलेली तपासणी उपयोगी का पडत नाही?
(आ) मोजणीचा आकडा मर्यादेवर अडकवून ठेवल्याने काय तोटा होतो? काय फायदा होतो?

३. करून पाहा.
एका यंत्रात चारच घरे आहेत. शाळेला १२५ वर्गांसाठी प्रत्येकी ८४ वह्या हव्या आहेत. यंत्र कोणते उत्तर दाखवील? गुणाकार न करता, फक्त भागाकाराने ही मागणी यंत्रात मावत नाही, हे दाखवा.

४. तुमच्या घरात किंवा वस्तीत ठरावीक घरांचे आकडे दाखवणारी तीन यंत्रे शोधा. प्रत्येकाचा सर्वांत मोठा आकडा लिहा आणि त्यानंतर काय होत असेल, यावर वर्गात चर्चा करा.